रांजणातली बाटली

श्रीपत तायडे अमोनियाच्या बाटलीबद्दल घरातल्या तापट सुनेबद्दल बोलावं तसा बोलायचा. "आज तापली हाये ती, बाई. तिच्या वाटेले जाऊ नोका. सांजेपर्यंत निजू द्या." आणि खरोखरच ती बाटली संध्याकाळपर्यंत ओल्या गोणपाटात, पाण्याच्या बादलीत निजलेली असायची. अमरावतीचा एप्रिल ज्याने पाहिला आहे त्याला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. तीव्र अमोनियाचं द्रावण उन्हाने तापलं की आतला वायू बुचाला धक्के देऊ लागतो, आणि अशा वेळी कुणी घाईने बूच उपटलं तर ते बूच आणि त्यामागचा फवारा सरळ तोंडावर येतो. हे रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. श्रीपत मात्र ते पाळत होता.

मी अठ्ठावन्न साली अमरावतीच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उगाच कुणाचे तरी नातेवाईक मला लांबलचक पत्रं लिहितील, आणि त्यांना उत्तरं लिहिण्याइतकी मी सोशिक नाही. मी मूळची अंजनगाव सुर्जीची. घरी काळी जमीन, वडिलांचा शब्द गावात चालायचा, आणि शेतावरच्या माणसांसाठी वेगळा पेला गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असायचा. तो पेला मी लहानपणापासून पाहिला आणि त्याबद्दल एकदाही कुणाला काही विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांवर आग पाखडेन तेव्हा वाचणाऱ्याला माझंही माप ठाऊक असेल.

श्रीपत आमच्या विभागाचा लॅब-अटेंडंट. कागदोपत्री 'हमाल'. उंच, काटक, रंगाने काळा, आणि भर मे महिन्यातसुद्धा खाकी सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. खांद्यावर नेहमी एक ओलं फडकं. डावा डोळा पांढरा पडलेला, त्यामुळे कुणाकडे पाहायचं तर तो अख्खी मान वळवायचा आणि समोरच्याला सरळ न्याहाळायचा. स्टाफरूममध्ये त्याला 'उर्मट' म्हणत. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. परत आल्यावर त्याने साहेबांपुढे कमरेत वाकणं बंद केलं. नमस्कार करायचा, पण ताठ उभा राहून. स्टाफरूमच्या मते त्याचा उर्मटपणा तेव्हापासून फार वाढला.

तो चौथी शिकलेला होता, पण इंग्रजी अक्षरं त्याला येत. ती त्याने बाटल्यांवरून उचलली होती. त्याच्या मुलीला तो इंग्रजी मुळाक्षरं शिकवायचा ती 'ए फॉर ॲसिटिक, बी फॉर बेंझीन' अशी. मुलीच्या शाळेतल्या बाईंनी तक्रार केली, तेव्हा म्हणाला, "ॲपल तिनं पाह्यलं नाई, बाई. ॲसिटिकचा वास तिले माह्या सदऱ्याले रोज येते."

कुठलीही बाटली हातात घेतली की आधी तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचायची, हा त्याचा नेम. वर्षानुवर्षं रोज हाताळलेली बाटली असली तरी वाचायची. नवी पोरं फिदीफिदी हसायची. एखादा विद्यार्थी बाटलीच्या तोंडावर नाक ठेवून वास घ्यायला गेला की श्रीपत लांबूनच ओरडायचा, "काहून रे, नाक भाड्यानं आनलं का?" मग जवळ येऊन बाटली हातभर दूर धरायचा, तळव्याने हवा हळूच नाकाकडे ओढायचा आणि म्हणायचा, "वास बलवाचा असते. आपुन त्याच्या घरात घुसाचं नसते." मी नंतर तीस वर्षं शिकवलं. वास कसा घ्यावा हे यापेक्षा सोपं करून सांगणं मला जमलं नाही.

त्याच्या सूचना सगळ्या अशाच. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक शेजारी ठेवायचे नाहीत, "दोघं मिळून पांढरा धूर करतेत अन् साऱ्या कपाटाचं वाटोळं करतेत." अमोनियाच्या जवळ आयोडीन तर दिसताही कामा नये. बाटली उघडायची ती अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, बुचावर ओलं फडकं गुंडाळून, तोंड बाजूला वळवून, आणि बूच एकदम उपटायचं नाही, जरासं सैल करून आतला दम जाऊ द्यायचा. डोळ्यात गेलं तर पाणी. लगेच, भरपूर, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं नाही. कुणी म्हणे दूध घाला, कुणी म्हणे तूप, एका शहाण्या पोराने एकदा लिंबाचं नाव काढलं, कारण आम्लाने अल्क मरतं असं तो शिकला होता. श्रीपतने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. "डोया हाये तो, टेस्टट्यूब नाई. पानी म्हनलं तं पानीच."

आमचे विभागप्रमुख दामले सर. पुण्याचे, विद्वान, शुद्ध बोलणारे, आणि स्वभावाने वाईट नव्हेत. मला त्यांनी चांगलं शिकवलं. पण आपल्याला कुणी चूक दाखवली की त्यांचे कान लाल व्हायचे, आणि श्रीपतने ती दाखवली की मानेपर्यंत लाल व्हायचे. एकदा त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी आदल्या संध्याकाळीच सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं द्रावण बनवून कपाटात ठेवलं. तेच ते, ज्याने काचेच्या नळीत चांदीचा आरसा उमटतो. सकाळी येऊन पाहतात तो चंबू धुतलेला, पालथा.

"माझं द्रावण कुणी ओतलं?"

"मी," श्रीपत म्हणाला. "पातळ नायट्रिक घालून मारलं अन् मंग ओतलं."

"कुणाला विचारून?"

"तुमच्याच पुस्तकाले."

त्याने पुस्तक आणलं. पानात आगपेटीची काडी घातलेली होती. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे द्रावण ताजंच वापरावं, साठवू नये, शिळं झाल्यास त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. श्रीपतला ते सगळं वाचता येत नव्हतं. त्याने वर्षापूर्वी माझ्याआधीच्या डेमॉन्स्ट्रेटरकडून त्या ओळीचा अर्थ विचारून घेतला होता आणि पान लक्षात ठेवलं होतं. दामले सरांनी वाचलं, पुस्तक मिटलं आणि तासाला निघून गेले. त्यानंतर ते द्रावण कायम ताजं बनू लागलं. श्रीपतला मात्र त्यांनी माफ केलं नाही. मी तेव्हा मनातल्या मनात हसले होते. मनातल्या मनात हसण्यात मी पटाईत होते.

आता रांजणाचं सांगते. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर व्हरांड्यात, तिवईवर पिण्याच्या पाण्याचा मोठा रांजण होता. पाणक्या रोज सकाळी भरायचा, दिवसभर त्याच्यापाशी बसायचा आणि ओगराळ्याने पाणी काढून द्यायचा. मी रुजू झाले त्याच दिवशी मला सांगण्यात आलं, "रांजणाला श्रीपतचा हात लागू द्यायचा नाही, एवढं लक्ष ठेवा." मी मान डोलावली. श्रीपत घरून पितळेच्या डब्यात पाणी आणायचा.

त्याचा डोळा कसा गेला ते मला त्यानेच सांगितलं, एका दुपारी, ब्युरेट पुसता पुसता. मी नोकरीला लागण्याच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. तेव्हाच्या एका साहेबाने तापलेली अमोनियाची बाटली त्याला भर दुपारी उघडायला सांगितली. श्रीपत नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. फवारा डाव्या डोळ्यात गेला. आंधळा होऊन तो धडपडत व्हरांड्यात आला, रांजणाकडे वळला, तर पाणक्याने झाकणावर हात ठेवला. तो मागच्या नळाकडे धावला. नळाला पाणी नव्हतं. तिथून बागेतल्या हौदाकडे. डॉक्टर म्हणाले, पाणी आधी लागलं असतं तर डोळा राहिला असता.

"सहा पावलं होता रांजन," श्रीपत म्हणाला. "मंग मोजली मी. सहाच."

त्याच्या आवाजात रड नव्हती. ब्युरेटवरचा आकडा सांगावा तसं त्याने सांगितलं. त्यानंतर दोन मिनिटांनी मी बाहेर जाऊन त्याच रांजणातलं पाणी प्याले, कारण मला तहान लागली होती. हे आठवलं की आजही स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

एकोणसाठचा एप्रिल. बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा, नागपूरहून आलेले बाहेरचे परीक्षक, आणि दुपारी दोनच्या सुमाराला अमोनिया संपला. क्षार ओळखायच्या परीक्षेत अमोनियाशिवाय तिसरा गट पुढे सरकत नाही. मुलं हातात परीक्षानळ्या धरून उभी. त्याच वेळी स्टेशनवरून नवं पार्सल आलं. आत तीन बाटल्या, फलाटावर उन्हात पडलेल्या, मग उघड्या टांग्यातून आलेल्या. पेटीतून एक काढली तेव्हा तिला हातात धरवत नव्हतं.

श्रीपत बादलीकडे धावला. त्याची बादली परीक्षेच्या गडबडीत कुणीतरी भांडी विसळायला नेली होती आणि नळ सकाळीच गेला होता. इकडे दामले सरांनी बाटली टेबलावर घेतली. घड्याळाकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं आणि बुचावरची दोरी कापली.

"सर, थांबा. अर्धा घंटा द्या," श्रीपत म्हणाला.

"परीक्षा चालू आहे, श्रीपत. अर्धा तास कुठून आणू? बाजूला हो."

त्यांचं तोंड बाटलीच्या बरोबर वर होतं. चष्मा कपाळावर सरकवलेला. समोर मुलं. त्यांनी बुचाला हात घातला आणि श्रीपतने त्यांच्या हातातून बाटली ओढून घेतली. अक्षरशः ओढून. एका हाताने बूच दाबून धरलं आणि व्हरांड्यात गेला. पाणक्या उठून उभा राहिला, झाकणावर हात ठेवायला गेला. श्रीपत त्याला म्हणाला, "हात काढ." एवढंच. पाणक्याने हात काढला. श्रीपतने झाकण फेकलं आणि बाटली गळ्यापर्यंत रांजणात धरली.

अर्धा तास तो तसाच उभा होता. कोपरापर्यंत हात रांजणात, मान ताठ. आम्ही सगळे दारात. कुणी पुढे झालं नाही. मग त्याने बाटली बाहेर काढली, अंगणात गेला, वाऱ्याकडे पाठ केली, फडकं गुंडाळलं आणि बूच जरासं सैल केलं. इतकी थंड करूनसुद्धा ते फट्कन उडालं आणि फडक्यात अडकलं. वायूचा लोट वाऱ्याबरोबर कुंपणाकडे निघून गेला. मी दामले सरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला होता. परीक्षा पूर्ण झाली. संध्याकाळी रांजण फोडून टाकण्यात आला.

दुसऱ्या दिवशी तक्रार गेली. दामले सर मला म्हणाले, "माझं वैयक्तिक काही नाही हो. पण स्टाफ ऐकत नाही." मला साक्ष लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'बाटली फार तापलेली होती. श्रीपतने घाईने ती रांजणात धरली.' त्यातला 'घाईने' हा शब्द माझा. तो खोटा होता. त्या दिवशी घाई नव्हती ती एकट्या श्रीपतला, आणि ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन धड डोळ्यांनी. पण माझी नोकरी कच्ची होती, सहीचा अधिकार दामले सरांचा होता, आणि मी भ्याले. दुसरं कारण नाही.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत श्रीपतला बोलावलं. दामले सर होते, मी होते. प्राचार्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. प्रकरण मिटवायचा त्यांचा हेतू होता, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. श्रीपतने तो कागद उजव्या डोळ्यासमोर तिरका धरला आणि सावकाश, मोठ्याने वाचला, बाटलीवरची चिठ्ठी वाचायचा तसा. "'माझ्या हातून चुकून कॉलेजचा पिण्याच्या पाण्याचा रांजण बाटला, याबद्दल मी क्षमा मागतो.'"

मग कागद टेबलावर ठेवला. "यात दोन शब्द खोटे हायेत. चुकून नाई, समजून घातली. अन् रांजनात बाटली होती. रांजन बाटला नाई."

प्राचार्यांना क्षणभर हसू आलं, ते त्यांनी दाबलं. दामले सर म्हणाले, "शब्दांचे खेळ करू नकोस."

"खेळ तुमचा हाये, सर. बाटला म्हंजे काय झालं ते रसायनात सांगा. तुमी रांजन फोडाच्या आंधी मी त्या पान्यात लाल लिटमस बुडवला. लालच राह्यला. अमोनिया थेंबभर गेला असता तं निळा झाला असता. मंग काय गेलं पान्यात? माहा हातच ना?" त्याने तो हात टेबलावर पालथा ठेवला. "गावात आमाले म्हनतेत, हे नागपूरले जाऊन बाटले. आमी तिथं गेलो अन् तो शब्द तिथंच टाकून आलो. आता त्याच्याखाली सही कराले मले सांगू नोका."

"श्रीपत," प्राचार्य म्हणाले, "सही केली नाहीस तर मला तुला उद्यापासून ठेवता येणार नाही. मुलगी शिकते आहे तुझी. विचार कर."

खोलीत पंखा फिरत होता. मला वाटलं, आता करेल. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की त्याने करावी. त्याने केली असती तर माझा 'घाईने' खपून गेला असता.

"इचार झाला," श्रीपत म्हणाला. "मंग चार्ज घ्या. कपाट असं कोनाच्या हाती सोडून जाता येत नाई."

त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडून कोरा कागद मागितला आणि उभ्याने लिहायला घेतलं. मोठी, वेडीवाकडी अक्षरं. लिहिता लिहिता बोलत होता. अमोनियाच्या दोन बाटल्या शिल्लक, दोन्ही खालच्या फळीवर, वर ठेवायच्या नाहीत. ब्रोमीनची एक, तिचं बूच झिजलं आहे, ती आधी बघा. सोडियम घासलेटात पुरतं बुडालेलं आहे का ते दर सोमवारी पाहायचं. फॉस्फरसच्या बरणीतलं पाणी उन्हाळ्यात आटतं, एक दिवसही विसरायचं नाही. अमोनिया उघडायची पद्धत त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिली. खाली रेघ मारली आणि कागद दामले सरांपुढे सरकवला.

"सही करा, सर. 'मला समजले' म्हनून."

"मी? तुझ्या कागदावर?"

"या बाटल्या आता तुमच्या हाती. उद्या कोनाचा डोया गेला तं मी सांगतलं नोतं असं व्हाले नको."

दामले सर प्राचार्यांकडे पाहत राहिले. त्यांचे कान, मान, सगळं लाल झालं होतं. प्राचार्यांनी तो कागद उचलून शांतपणे वाचला आणि म्हणाले, "नियमाप्रमाणे चार्ज सहीशिवाय घेता येत नाही, दामले. करा." आणि त्या दिवशी त्या खोलीत एकच सही झाली. ती दामले सरांची. श्रीपतने शाई वाळू दिली, कागदाची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. माझ्याकडे त्याने मान वळवून पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे त्याला अकोल्यात एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. मुलगीही शिकली. तिथे माझी त्याची दोनदा गाठ पडली आणि दोन्ही वेळा तो माझ्याशी चांगला बोलला. पण तो श्रीपत मला आठवत नाही. मला आठवतो तो त्या दुपारचा, कॉलेजच्या पायऱ्या उतरून फाटकाकडे चाललेला. ऊन मी म्हणत होतं. डोक्यावर त्याने ते ओलं फडकं टाकलं होतं. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. दामले सरांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेली धास्ती. आतल्या कपाटात दोन बाटल्या होत्या आणि परीक्षेचे अजून चार दिवस बाकी होते.

श्रीपत फाटकाशी पोचला तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी हाक मारली.

"श्रीपत! बाटली पाण्यात किती वेळ ठेवायची म्हणालास?"

तो थांबला. मान वळवून त्याने आमच्याकडे पाहिलं.

"अर्धा घंटा," तो ओरडून म्हणाला. "अन् म्हनालास नाई, सर. म्हनालात."